वरच्या नावावर फुली

मिहीर राष्ट्राध्यक्ष झाला. प्रचंड बहुमताने. आणि तो केवळ माझ्यामुळे झाला.

आता हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. मीही लिहिलं नाही. मतदान अजून व्हायचं आहे आणि मी, नकुल, लंडनच्या वेम्बलीतला सगळ्यात धूर्त माणूस, चहाचा कप हातात धरून गालातल्या गालात हसतो आहे. कारण माझ्याकडे प्लॅन आहे. असा प्लॅन आजवर कुठल्याही जळक्या माणसाला सुचलेला नाही!

आधी मिहीरबद्दल सांगतो. थोडक्यात सांगतो, जास्त सांगितलं की मला ॲसिडिटी होते. जन्म इथल्याच हॅरोचा, उंची सहा फूट, धंदा दातांचा. स्वतःचे दात असे की हसला की समोरच्याने डोळ्यांवर हात धरावा. ढोल वाजवतो. पाव घरी भाजतो. आणि मराठी असं बोलतो, "माझा आई खूप छान पोळी करतो!" यावर सगळ्या मावश्या आणि माझी आसावरी एका सुरात म्हणतात, "किती गोड!"

मी नाशिकचा. माझी सगळी लिंगं, सगळ्या विभक्त्या जागच्या जागी असतात. मला आजवर कोणी गोड म्हटलेलं नाही.

आसावरी आणि मी दोन वर्षं एकत्र आहोत. ती हॉस्पिटलात फार्मसिस्ट, शिफ्टवाली. त्यामुळे आमचं प्रेम फक्त शनिवार-रविवारी चालू असतं, बँक हॉलिडेला ओव्हरटाइम. गेल्या उन्हाळ्यात मिहीरने शनिवारचं ढोलपथक काढलं आणि आसावरी त्यात गेली. मीही गेलो. तिला ढोल मिळाला. मला सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळायला मिळाल्या. एका शनिवारी मिहीर तिच्या मागे उभा राहून टिपरू कसं धरायचं ते दाखवत होता, तेव्हा माझ्या हातातली बाटली आपोआप चेपली. बाटली स्टीलची होती!

अशा वातावरणात निवडणूक आली.

ब्रिटनभरच्या मराठी मंडळांचा नवा महासंघ निघाला होता. त्याची घटना आमच्या कमलाकरकाकांनी लिहिली. काका निवृत्त इंजिनिअर आहेत, त्यामुळे घटनेला आकृत्याही होत्या. त्यात एक राष्ट्राध्यक्ष आणि गावोगावच्या प्रतिनिधींची एक संसद. दोन्ही निवडणुका एकाच दिवशी!

"मोठमोठे देश राष्ट्राध्यक्ष आणि संसद एकाच दिवशी निवडतात," काका सभेत गरजले. "आपण काय कमी आहोत? शिवाय हॉल एकाच दिवसाचा मिळालाय."

अध्यक्षपदासाठी दोन नावं आली. मिहीर आणि यमुनामावशी. मावशी म्हणजे वेम्बलीच्या गणपतीचा कणा. मी मनात म्हटलं, मावशीच. मिहीर काहीही झाला तरी माझा विरोध. मिहीर सुखी झाला तरी विरोध!

तेवढ्यात काकांनी वाचलं, "राष्ट्राध्यक्षांनी दर शनिवार-रविवार एकेका गावच्या मंडळाला भेट द्यायची आहे. ग्लासगो, कार्डिफ, ॲबर्डीन, बेलफास्ट..."

माझ्या डोक्यात ट्यूबलाइट पेटली. दर शनिवार! दर रविवार! ॲबर्डीन! मिहीर ॲबर्डीनला कुडकुडतोय आणि आसावरी माझ्यासोबत ईलिंग रोडवर पाणीपुरी खातेय!

मी उठून उभा राहिलो. "मिहीरला माझा जाहीर पाठिंबा!"

मिहीरने मला मिठीच मारली. "नकुल! माझी डोळे भरून आला!"

"किती गोड," आसावरी म्हणाली.

मग संसदेची वेम्बलीची जागा आली. ती मी मागितली. म्हटलं, नावापुढे खासदार लागलं तर नाशिकला फोटो पाठवता येईल. कोणाचीच हरकत नव्हती. पण काकांनी हात वर केला. "बिनविरोध चालणार नाही! आपल्या मंडळांचं सगळं नुकसान या बिनविरोधने केलंय. किमान दोन उमेदवार हवेत."

"माझं नाव टाका मग काका," आसावरी म्हणाली. "नावापुरतं. नाहीतर नकुलचा पोपट व्हायचा."

त्यानंतर काका वेम्बलीच्या प्रतिनिधीच्या जबाबदाऱ्या वाचू लागले. मी ऐकणारच होतो. पण नेमकं तेव्हाच मिहीरने स्वतःच्या बशीतली चकली उचलून आसावरीच्या बशीत ठेवली! न विचारता! मी त्या चकलीकडे बघत बसलो. तिने ती मोडली. खाल्ली. वर म्हणाली, "मस्त आहे रे." तोवर काकांचं वाचन संपलं होतं आणि सगळे टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या.

दुसऱ्या दिवसापासून मी मिहीरच्या प्रचाराला असा लागलो की खुद्द मिहीर घाबरला. ऑफिसच्या सकाळच्या मीटिंगमध्ये मी "काल कामात अडथळा काय होता?" याला "यमुनामावशी" असं उत्तर दिलं. मावशींनी मला साबुदाण्याची खिचडी खायला बोलावलं. मी ती दोनदा घेतली आणि जाताना त्यांच्याच फ्रिजवर मिहीरचं स्टिकर लावलं. प्रेमात आणि जळफळाटात माणूस किती खाली जातो याला फ्रिजचा दरवाजा साक्षी आहे.

अडचण आली ती मतदारांकडून. आमच्या मंडळात आजवर कधी मतदानच झालेलं नव्हतं. आणि इथली पद्धत अशी की आवडत्या उमेदवारापुढे पेन्सिलीने फुली मारायची.

"फुली?" स्वातीकाकू दचकल्या. "अरे, फुली चुकलेल्या गणितावर मारतात! एवढ्या गुणी मुलाच्या नावावर कशी मारू?"

"इथे फुली म्हणजे होकार, काकू."

"मग मावशींच्या नावापुढे बरोबरची खूण करू?"

"नको!!"

"म्हणजे जो नको त्याला काहीच करायचं नाही, आणि जो हवा त्याला खोडायचं?"

"हो."

"बाई बाई, इंग्रजांचं सगळंच उलटं."

असे पंधरा संवाद झाल्यावर मला घाम फुटला. माझ्या कोचिंगमुळेच मावशी निवडून येणार, मिहीर वेम्बलीतच राहणार, आणि जन्मभर चकल्या वाटणार! मग मी सगळं सोपं केलं. अध्यक्षांच्या मतपत्रिकेवर नावं अक्षरांच्या क्रमाने होती. मिहीर वर, यमुना खाली. मी एक वाक्य तयार केलं, "विचार करायचा नाही, वरच्या नावावर फुली!" ते व्हॉट्सॲपवर टाकलं. त्याला चाल लावली. मिहीरच्याच ढोलावर ते बसवलं. बर्मिंगहॅमला फोन, लीड्सला फोन, कार्डिफला व्हिडिओ. ब्रिटनमधला एकेक मराठी माणूस झोपेत म्हणू लागला, वरच्या नावावर फुली!

मतदानाच्या दिवशी हॉलच्या दाराशी उभा राहून मी प्रत्येकाच्या कानात तेच म्हणत होतो. आत प्रत्येकाला दोन मतपत्रिका मिळत होत्या. एक पिवळी, अध्यक्षांची. एक पांढरी, संसदेची, तिच्यावरही नावं अक्षरांच्याच क्रमाने.

पांढरी!

हे तुम्हाला लगेच कळलं ना? मला संध्याकाळी कळलं.

गावोगावचे आकडे घेऊन काका स्टेजवर आले. "राष्ट्राध्यक्ष, मिहीर!" हॉल दणाणला. यमुनामावशी माझ्या शेजारी होत्या. त्यांनी माझा कान धरला आणि म्हणाल्या, "मेल्या, माझे गुडघे वाचवलेस! ॲबर्डीनला कोण मरायला जातंय?" मी सुखाने डोळे मिटले.

"आता संसद. बर्मिंगहॅम, अतुल."

कुजबुज झाली. कारण अतुल जूनमध्येच पुण्याला कायमचा परत गेला होता. फक्त नाव काढायचं राहिलं होतं.

"कार्डिफ, अन्वी. लीड्स, अवधूत." काका चष्मा पुसून पुन्हा बघू लागले. संपूर्ण ब्रिटनने शाळेतल्या हजेरीपटाचे पहिले नंबर निवडून दिले होते.

"वेम्बली, आसावरी!"

मी हसलो. नंतर थांबलो.

"मला किती मतं पडली, काका?"

"एक."

आसावरी मागून आली. तिचा चेहरा गोंधळलेला होता. "ते माझं होतं रे. पण मग... तुझं स्वतःचं?"

मी आठवून बघितलं. पेन्सिल हातात आली होती. ओठांवर चाल होती. विचार करायचा नव्हता.

"मी तुला दिलं," मी म्हणालो. "प्रेमाने."

"खोटारडा! तू वरच्या नावावर मारलीस!"

तिला हसू आवरेना. माझा हात धरून ती हसत होती, आणि मला वाटलं, ठीक आहे. संसद गेली तर गेली. एक मत, पण योग्य माणसाचं! शनिवार आपला आहे. मी म्हटलं, "शनिवारी पाणीपुरी?"

"शनिवारी कसं जमेल? ग्लासगो आहे ना."

"ग्लासगो मिहीरला आहे."

"आणि मला. वेम्बलीचा प्रतिनिधी हाच महासंघाचा सरचिटणीस, आणि सरचिटणिसाने प्रत्येक दौऱ्यात अध्यक्षांसोबत जायचं. काकांनी सभेत वाचलं की! तू टाळ्या वाजवल्यास! मी तर म्हणत होते, बिचारा नकुल मिहीरबरोबर दर शनिवारी कसा जाणार, किती सहन करेल. म्हणून तर मी हॉस्पिटलात शनिवारच्या शिफ्ट मागून घेणार होते, तू नसलास तर कशाला सुट्टी."

"राजीनामा दे!"

"अरे, एवढ्या लोकांनी मत दिलंय, नकुल." तिच्या आवाजात खासदार आला होता. "मला वाटलं नव्हतं मी लोकांना इतकी आवडत असेन."

खरं सांगितलं तर शनिवार-रविवार गेलेच होते, बँक हॉलिडेही गेला असता.

मिहीर धावत आला. "आसावरी! ट्रेनचं तिकीट मी काढली! दोन सीट, शेजारी-शेजारी, खिडकी तुझा!"

या वेळी ती "किती गोड" म्हणाली नाही. नुसतीच त्याच्याकडे बघून हसली. ते जास्त वाईट.

तरी मी घरी आलो, लॅपटॉप उघडला आणि रीतसर लिहिलं:

प्रति, मा. निवडणूक अधिकारी श्री. कमलाकर, अखिल ब्रिटन मराठी महासंघ, वेम्बली. विषय : नवीन पद निर्माण करणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती की, राष्ट्राध्यक्ष व सरचिटणीस यांच्या सर्व रेल्वे, बस व बोट प्रवासांत त्या दोघांच्या मधोमध बसण्यासाठी एक कायमस्वरूपी, बिनपगारी पद तातडीने निर्माण करावे व त्यावर निम्नस्वाक्षरीकाराची बिनविरोध नेमणूक करावी. सदर गाड्यांत दोन आसनांच्या मध्ये तिसरे आसन नसते याची अर्जदारास पूर्ण कल्पना आहे. तरी महासंघाने रेल्वे खात्याशी पत्रव्यवहार करून शनिवारपूर्वी ते बसवून घ्यावे, ही नम्र विनंती.