स्वल्प तिद्दूया

आमच्या येलहंक्यातले व्यंकोजीअण्णा माणसाला नमस्कार करण्याआधी मोजतात. हात ताठ, हातात पेन्सिल उभी, एक डोळा मिटलेला. पुण्याहून नवीन आलेल्या मला त्यांनी लिफ्टमध्ये मोजलं, तेव्हा माझ्या हातात भाजीची पिशवी होती.

"साडेसात डोकी! अंगकाठी शास्त्रात बसते की! नाक मात्र स्वल्प तिद्दूया."

आदर्श माणसाची उंची त्याच्याच साडेसात डोक्यांएवढी, हे अण्णांनी चित्रशाळेत जन्मभर शिकवलं. तिद्दणं म्हणजे दुरुस्त करणं. मूळ शब्द कन्नड. अण्णांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे कन्नड मुलखात आलेलं, त्यामुळे मराठीत असं बरंच मिसळलेलं.

नंतर त्यांनी खरोखरच माझं चित्र काढलं, नाक तिद्दून. आईने हरखून ते एका स्थळाला पाठवलं. मंडळी आली, पोहे खाल्ले आणि चित्रातली मुलगी कुठे आहे असं विचारून गेली.

अण्णांच्या भिंतींवर देव्या, राजकन्या, पाणी भरणाऱ्या बायका. चेहरा सगळ्यांचा एकच, लांबट आणि गोरा, नाक सरळ. "पूर्वी गिऱ्हाइकाला भरलेली बाई लागायची. मग गोरी. आता हाडं दिसली तरच सुंदर!" असं ते वैतागून सांगतात. देवनहळ्ळीच्या एका हॉटेलवाल्याने जुनी लक्ष्मी परत आणून बारीक करायला सांगितली, तर त्याला दारातूनच घालवलं. "लक्ष्मी बारीक झाली तर तुझ्या घरात उरेल काय?"

या सगळ्या बायकांसाठी तासन् तास उभ्या राहिल्या त्या अण्णांच्या पत्नी, सुंद्राक्का. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, बसक्या नाकाच्या. शास्त्राप्रमाणे मोजल्या तर जेमतेम सहा डोकी भरतील.

"हात माझा, पदर माझा. तोंड कुणाचं बाई हे?" कॉफी देताना अक्का नेहमी म्हणायच्या आणि आम्ही हसायचो. एकदा मात्र त्या हसल्या नाहीत. "माझ्यामागं नातवंडांना काय दाखवणार तुम्ही? पदर?"

अण्णांनी कॉफी तशीच ठेवली. मला फार वाईट वाटलं.

दसऱ्याला सोसायटीच्या हॉलमध्ये अण्णांचं प्रदर्शन भरलं. मधोमध नवीन चित्र होतं. स्टुलावर बसून अवरेकाईच्या शेंगा सोलणाऱ्या सुंद्राक्का. नाक बसकं, रंग सावळा, पाय जमिनीला न टेकणारे. मी बघतच राहिले. इतकी देखणी बाई अण्णांच्या साऱ्या भिंतींवर मिळून नव्हती.

महादेवपुऱ्यात नोकरी करणारा एक शेजारी मोबाइलवर फोटो काढत म्हणाला, "अंकल, नाक थोडं शार्प केलं असतं तर?"

आम्ही सगळे अण्णांकडे वळलो. आता ते ठरलेलं 'स्वल्प तिद्दूया' येणार, म्हणून अक्कांनी मान खाली घातली. अण्णांनी खिशातून पेन्सिल काढली, हात ताठ केला, एक डोळा मिटला आणि चित्र सोडून समोर उभ्या असलेल्या अक्कांना मोजलं. बराच वेळ लागला. उघडा डोळा भरून आला होता.

"तिद्दायला काही नाही," ते म्हणाले. "कधीच नव्हतं."

मला त्या म्हाताऱ्याचा असा अभिमान वाटला, जणू माझेच आजोबा.

"सरी, सरी," अक्का 'बरं, बरं' म्हणावं तसं कन्नडमध्ये पुटपुटल्या. मग पदर सारखा करून आपल्या चित्राशेजारी मालकिणीसारख्या उभ्या राहिल्या.