दाराबाहेर ऐकू येईल असा कीबोर्ड

अंबादासभाऊ बल्ब बदलताना हेल्मेट घालतात. पायात रबरी चप्पल, हातात मोजे, मेन स्विच बंद, आणि खाली मी लाकडी काठी घेऊन उभी. ‘ताई, म्या चिकटलोच तर मागंपुढं न बघता हाणायचं,’ असं बजावून मग ते स्टुलावर चढतात. मागच्या वेळी तर सगळ्या गल्लीचीच लाईट गेलेली होती. मी म्हटलं, ‘अहो, तारेत करंटच नाही, मी कशाला पाहिजे?’ तर म्हणाले, ‘मधीच आली म्हंजी?’

आमच्या परंड्यात इतका भित्रा माणूस दुसरा सापडायचा नाही. पण तसं त्यांना म्हणायची सोय नाही. ‘भीती न्हाय ताई, काळजी!’ हे त्यांचं ठरलेलं. शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहेत. घराला कुलूप लावलं की ओढून बघतात, कोपऱ्यापर्यंत जातात, परत येऊन ओढतात. एकदा इतकं ओढलं की कोयंडाच हातात आला. मोबाईलवर ओटीपी आला की फोन घेऊन मोरीत जातात आणि दार लावून वाचतात. यष्टीत चढले की आधी ड्रायव्हरला विचारतात, ‘झोप झाली का साहेब?’ एकानं थट्टेनं ‘घेतो की आता वाटेत’ म्हणून डोळा मारला, तर हे खाली उतरले आणि पुढच्या गाडीनं गेले.

मी शेजारी राहते, कॉम्प्युटरचे क्लास घेते. त्यामुळं वायर असलेली कुठलीही वस्तू बिघडली की माझ्या दारात येते, अगदी मिक्सरसुद्धा. त्या दिवशी भाऊ आले ते उंबऱ्यातच उभे राहिले.

‘ताई, कीबोर्ड घ्यायचाय. मेकॅनिकल. गेम खेळायचा.’

मला हसूच फुटलं. ‘हेल्मेट घालून खेळणार का?’

‘मला न्हाय. प्राजूला.’

माझं हसू तिथंच विरलं.

प्राजू त्यांची एकुलती एक मुलगी. वहिनी गेल्यापासून त्या घरात ही दोघंच. पुण्याला चांगली नोकरी होती पोरीला, ती गेली. कशी गेली, का गेली, तिनं कुणाला सांगितलं नाही. बॅग घेऊन आली, आतल्या खोलीत शिरली आणि दार लावून घेतलं. जेवायच्या वेळी बाहेर येते, चार घास खाते, परत आत. दिवसभर लॅपटॉपवर गेम खेळते म्हणे. गल्लीतल्या बायका मला विचारतात, ‘पोरीचं लग्नाचं बघत न्हाईत का?’ मी म्हणते, आधी तुमच्या घरचं बघा.

सुरुवातीला भाऊ सारखे दार वाजवायचे. ‘प्राजू, चहा टाकू? प्राजू, गार वाटतंय का?’ शेवटी एकदा ती आतून ओरडली, ‘पप्पा, जिवंत आहे मी!’ तेव्हापासून त्यांनी दार वाजवणं सोडलं. पण दुसऱ्याच दिवशी ती आंघोळीला गेली असताना पेचकस घेऊन त्या दाराची आतली कडी काढून टाकली. मला म्हणाले, ‘गंजली होती.’ कडी चांगली चकचकीत होती. पोरगी जिवाचं काही बरंवाईट करून घेईल, ही धास्ती त्या माणसाला खात होती.

‘तिनं तोंडानं मागितलंय ताई,’ भाऊ सांगत होते. ‘जेवताना म्हणली, पप्पा, लॅपटॉपची बटनं गेलीत, एक कीबोर्ड बघा. रेड स्विचचा, आवाज न करणारा. दोन हजाराच्या आत मिळतो म्हणली. आल्यापास्नं पहिल्यांदा काय तरी मागितलं तिनं.’ मग आवाज खाली आणून म्हणाले, ‘काय चुकलं तर परत मागायची न्हाय वो ती.’

मी फोनवर पाच-सहा कीबोर्ड काढून दाखवले. ऑनलाइनचं नाव काढताच ते दचकले. ‘नगं नगं, खोक्यात दगूड निघतो.’ मग रविवारी आम्ही बार्शीला गेलो. ड्रायव्हरची झोप झालेली होती, म्हणून बरं.

दुकानदारानं काउंटरवर तीन कीबोर्ड मांडले आणि वायर जोडली. आतून लाल-निळे दिवे लागले तसे भाऊ दोन पावलं मागं सरले. ‘आतून पेटलंय का काय?’

‘काका, ते नुसतं शोसाठी असतं,’ दुकानदार म्हणाला. मग त्यानं नीट समजावून सांगितलं. भाव सगळ्यांचा जवळपास तोच. रेडचं बटण मऊ, आवाज जवळजवळ नाहीच. ब्राऊन मधलं. ब्लूचं बटण दाबलं की टक्क वाजतं. ‘तुम्ही रेडच घ्या. घरातल्यांना त्रास नाही.’

मी म्हटलं, झालं काम, द्या रेड. भाऊंनी मात्र घाम पुसला, मग म्हणाले, ‘ताई, तुम्ही जरा ही बटनं दाबत बसा. म्या आलोच.’ आणि काचेचं दार लावून बाहेर रस्त्यावर गेले, कान काचेला लावून उभे राहिले!

मी रेड दाबला. त्यांनी बाहेरून मान हलवली, न्हाय. ब्राऊन दाबला. न्हाय. ब्लू दाबला, टकाटक टकाटक. तेवढ्यात मागून उसाचा ट्रॅक्टर आला. त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि ट्रॅक्टर गेल्यावर पुन्हा चालू करायची खूण केली. जाणारे-येणारे थांबून बघायला लागले. दुकानदारानं मला हळूच विचारलं, ‘काकांना कमी ऐकू येतं का?’

भाऊ आत आले. ‘ह्यो निळा द्या.’

‘काका, हा लई वाजतो. घरात त्रास होतो.’

‘व्हय, तसलाच पाहिजे. त्रास होणारा.’

मी भडकले. ‘अहो भाऊ, पोरीनं एवढं स्पष्ट सांगितलंय ना, आवाज नको म्हणून? मघाशी तुम्हीच म्हणत होता, चुकलं तर परत मागायची नाही!’

‘सांगितलंय तिनं,’ एवढंच म्हणून त्यांनी खिशातून पैसे काढले.

परतीच्या गाडीत मी त्यांच्याशी बोलतच नव्हते. मांडीवरचं खोकं दोन्ही हातांनी घट्ट धरून ते खिडकीबाहेर बघत होते. परंडा जवळ आल्यावर एकदम बोलायला लागले.

‘दार लावलेलं असतंय ताई. लॅपटॉपची बटनं वाजत न्हाईत. तिनं कानाला ते लावलेलं, गेमचा आवाज बी न्हाय. म्या बाहेर उभा राहतो. दार ढकलावं तर ती चिडती. न ढकलावं तर काय काय मनात येतंय. हातपाय गार पडतात माझं. ह्यो वाजत राहिला म्हंजी मला कळंल. म्या शाळेत असलो तर भिंतीपलीकडून तुमच्या तरी कानावर पडंल.’ मग खोक्याकडं बघत म्हणाले, ‘ही काळजी न्हाय ताई. भीतीच हाय.’

मी फक्त खोक्याची एक बाजू धरली.

घरी गेल्यावर प्राजूनं खोकं उघडलं. एक बटण दाबलं. टक्क. तिनं बापाकडं बघितलं. भाऊ जमिनीकडं बघत म्हणाले, ‘दुकानात रेड संपलं होतं.’ ती कीबोर्ड घेऊन आत गेली, आणि थोड्या वेळानं दारामागून टकाटक सुरू झालं.

त्यानंतर भाऊंच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. सकाळी दात घासताघासता भिंतीवरून मला खबर द्यायचे, ‘चालू हाय!’ शाळेला निघताना, ‘ताई, कान ठिवा.’ माझा स्वयंपाक त्या टकाटकीवरच व्हायला लागला. मधेच आवाज थांबला की माझाही हात पोळीवर थांबायचा. दुसऱ्याच्या घरची भीती माझ्याही घरात राहायला आली होती.

मग एका सुट्टीच्या दुपारी मी प्राजूसाठी धपाटे घेऊन गेले. भाऊ तिच्या दाराला लागूनच बसून मेथी निवडत होते. आत जोरात वाजत होतं. त्यांनी ओठांवर बोट ठेवून मला ‘ऐका’ अशी खूण केली. किती खुशीत होते! मी दार ढकलून आत गेले आणि मागं लोटून घेतलं.

लॅपटॉप मिटलेला होता. प्राजू कॉटवर उताणी पडली होती, डोळे छताकडं. कीबोर्ड पोटावर, आणि दोन्ही हातांची बोटं बटणांवर चाललेली. वायर कॉटवरून खाली लोंबत होती. ती कशालाच जोडलेली नव्हती.

मी घाबरले. खरंच घाबरले. तिच्या उशाशी बसून हळूच विचारलं, ‘प्राजू, हे काय गं?’

बोटं न थांबवता ती तितक्याच हळू म्हणाली, ‘काकू, आता खेळावंसंपण वाटत नाही.’

‘मग हे कशाला?’

‘मी थांबले की पप्पा उठून दाराशी येतात. दाराखालच्या फटीतून त्यांचे पाय दिसतात मला. लई वेळ उभे असतात.’ तिच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी कानाकडं गेलं. ‘रेड संपले नव्हते, माहितीये मला.’

मी तिच्या केसांवरून हात फिरवला. ‘आपण डॉक्टरांकडं जाऊ या का गं? मनाच्या डॉक्टरांकडं. मी येते ना बरोबर.’

तिची बोटं थांबली. त्याच क्षणी बाहेर मेथीच्या काड्या मोडायचा आवाज थांबला. आम्ही दोघींनी दाराकडं बघितलं. ती घाईघाईनं पुन्हा दाबायला लागली, आणि दाबतादाबताच तिनं मान हलवली, हो म्हणून. मग म्हणाली, ‘आज त्यांना काही सांगू नका काकू. उद्या मीच सांगते.’

मी पदरानं तोंड पुसलं आणि बाहेर आले. भाऊंनी डोळे मोठे करून विचारलं, ‘लई जोरात चाललंय. जिंकतीया का?’

‘जिंकतीय,’ मी म्हटलं आणि त्यांच्यासमोर बसून मेथीची जुडी पुढं ओढली.