तिसऱ्या पायरीचं दुखणं

बिरूआप्पांनी केडगावच्या मेडिकलमध्ये व्हिटॅमिन सीच्या गोळ्यांच्या दहा पट्ट्या मागितल्या. काउंटरवरचा माणूस नवा होता. त्याने रीतसर विचारलं, "पेशंटचं वय काय?"

"सहा वरसं," आप्पा म्हणाले.

"अहो, लहान मुलाला एवढ्या गोळ्या?"

"ल्हान कशाचं? चाळीस बाय ईस हाय. एका अंगाला साडेपाच फूट खोल."

त्या माणसाने पट्ट्या पुन्हा कपाटात ठेवायला सुरुवात केली. मी बाहेर मोटरसायकलवर बसून हे सगळं ऐकत होतो आणि मुद्दामच आत गेलो नाही. आप्पांच्या बोलण्यात मध्ये पडून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही. शेवटी त्यांनीच सांगितलं की पेशंट म्हणजे पोहण्याचा टँक आहे आणि त्याच्या अंगावर डाग उठलेत. मग त्या माणसाने पट्ट्या दिल्या, पण आप्पा दुकानाबाहेर पडेपर्यंत तो त्यांच्याकडे बघत राहिला.

हा टँक आमच्या कृषी पर्यटन केंद्रातला. केडगावहून राहूकडे जाताना उसाच्या मधून एक कच्चा रस्ता आत वळतो, तिथे आम्ही हुरडा, बैलगाडी आणि पोहणं असं तिन्ही एकत्र देतो. मालक पुण्यात असतात. मी इथला मॅनेजर. त्याआधी शिरूरकडच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं स्टोअर सांभाळलं. स्टोअरकीपरला दोन सवयी लागतात. एक, दिसेल त्या वस्तूवर चिठ्ठी डकवायची. दुसरी, सगळं आपल्यालाच कळतं असं समजायचं. निवृत्तीनंतरही माझ्या दोन्ही सवयी ठणठणीत होत्या. केंद्रात जागोजागी मी बोर्ड लावले. 'ओल्या पायांनी आत येऊ नये.' 'शॉवर घेतल्याशिवाय टँकमध्ये उतरू नये.' 'पोहण्याचा पोशाख नसल्यास पाण्यात प्रवेश नाही.' या शेवटच्या बोर्डाचं अक्षर मला विशेष आवडायचं.

आप्पांना वाचता येत नव्हतं, म्हणून माझे सगळे बोर्ड त्यांना तोंडपाठ होते. सत्तरीला टेकलेला किडकिडीत माणूस, धोतर, डोक्याला लाल पटका आणि हातात दहा फुटी दांड्याचा ब्रश. चाळीस वर्षं मेंढरं वळली, त्यामुळे ब्रशसुद्धा ते काठीसारखा खांद्यावर आडवा धरायचे. टँक बसवणाऱ्या लोकांनी त्यांना दोन दिवस शिकवलं होतं. आप्पांनी ते सगळं ज्ञान मेंढरांच्या भाषेत बसवून घेतलं. पाणी गढुळलं की "प्वाट बिघडलंय". फिल्टर उलटा धुवायचा म्हणजे "जुलाब द्यायचा". क्लोरीनचा जादा डोस उन्हात उडून जातो, म्हणून तो दिवस कलल्यावर टाकायचा, याला त्यांच्याकडे "सांजंचं औषध" असं नाव होतं.

आणि हा माणूस पाण्यात कधीही उतरला नव्हता. त्यांना पोहता येत नसे. "डाक्टर काय पेशंटच्या पोटात उतरतो व्हय?" असं ते विचारायचे.

शेवाळाचे त्यांच्या लेखी तीन रोग होते. हिरवं म्हणजे पडसं, येतं आणि जातं. पिवळं म्हणजे कावीळ, सावलीतल्या भिंतीला धरते, घासली की भुकटीसारखी उडते आणि दुसऱ्या दिवशी परत तिथंच. काळं म्हणजे सगळ्यात वाईट. "त्ये सिमीटात मूळ धरतं सायेब, आन् वर टोपी घालून बसतं. आधी तारंच्या ब्रशनं टोपी फोडायची, मगच औषध आत जातं. नुसतं औषध वतत बसला तर टँक संपंल, रोग न्हाई संपायचा."

डाग बघितला की लगेच औषधाला हात घालायचा नाही, हा त्यांचा नियम. आधी दोन जुने मोजे घ्यायचे. एकात क्लोरीनची गोळी, दुसऱ्यात व्हिटॅमिन सीची कुटलेली भुकटी. दोन्ही डागावर धरायचे. क्लोरीनने फिका पडला तर शेवाळ किंवा पालापाचोळा. व्हिटॅमिनने फिका पडला तर लोखंडाचा गंज. तोवर सगळ्यांनी गप्प बसायचं. आणि निदान झालं तरी त्यांचं समाधान व्हायचं नाही. "दुखणं कसलं त्ये कळलं. आता कुणी आणलं त्ये इचारा," असं म्हणून ते चौकशीला लागायचे.

एकदा कावीळ काही केल्या हटेना. आप्पा फाटकात उभे राहिले आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारू लागले, "काल कुठं पवला?" दौंडहून आलेल्या आठ पोरांनी कबूल केलं की दर रविवारी आधी नदीत डुंबतो आणि त्याच चड्ड्या घालून इथे येतो. आप्पांनी आठही चड्ड्या काढून घेऊन क्लोरीनच्या बादलीत बुडवल्या. कावीळ गेली. पण चड्ड्यांचे रंगही गेले आणि एका वडिलांनी मला फोनवर अर्धा तास ऐकवलं. मी दुसऱ्याच दिवशी नवा बोर्ड लावला.

असा हा निदानाचा पक्का माणूस. तिसऱ्या पायरीच्या बाबतीत मात्र गडबड होती.

उथळ बाजूला पांढऱ्या सिमेंटच्या चार पायऱ्या पाण्यात उतरतात. त्यातली तिसरी बसायची म्हणून चांगली दोन हात रुंद केलेली. तिच्यावर चार काळपट डाग उठायचे. आप्पा ते घासायचे, आठवडाभरात फिके व्हायचे आणि मंगळवारी सकाळी पुन्हा गडद. सोमवारी आमची सुट्टी असते, त्या दिवशी टँकवर फक्त आप्पा. मी विचारलं की ते म्हणायचे, "काळं शेवाळ हाय सायेब. मूळ धरलंय. वेळ लागंल." मी मोजे लावून बघायला सांगितलं तर म्हणाले, "बघितलंय." एवढ्या बोलघेवड्या माणसाचं हे एका शब्दाचं उत्तर मला तेव्हा खटकायला हवं होतं.

मग एका पाहुणीने पायरीचा फोटो इंटरनेटवर टाकून 'अस्वच्छ' असा शेरा मारला. मालकांचा फोन आला. मी चिडलो आणि एका मंगळवारी आप्पा यायच्या आत, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, त्यांचेच दोन मोजे घेऊन वरच्या पायरीवर बसलो. क्लोरीनचा मोजा पाच मिनिटं धरला. डाग तसाच. व्हिटॅमिनचा धरला आणि मिनिटभरात डाग विरघळल्यासारखा निघून गेला. लोखंड.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. डॉक्टरचं निदान कंपाउंडरने खोटं ठरवलं होतं. आप्पा आले तेव्हा स्वयंपाकघरातल्या बायका, बैलगाडीवाला, सगळ्यांना टँकवर बोलावून मी प्रयोग करून दाखवला. चार डाग एका चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर होते हेही दाखवलं. "कुणीतरी इथे लोखंडी खुर्ची ठेवतंय," मी म्हणालो.

आप्पांनी माझ्या हातातले दोन्ही मोजे काढून घेतले. मग म्हणाले, "व्हय सायेब. लोखंडच हाय. चुकलं माजं."

त्यांच्या तोंडून 'चुकलं' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला आणि तिथेच थांबलो. कुणी आणलं ते विचारलं नाही. त्याच दुपारी केंद्रातल्या सगळ्या लोखंडी खुर्च्या भंगारवाल्याच्या टेम्पोत भरल्या, त्यांच्या जागी प्लॅस्टिकच्या आणल्या आणि मालकांना कळवलं की प्रश्न मुळापासून सोडवला.

पुढच्या सोमवारी मी चष्मा विसरलो म्हणून दुपारी केंद्रावर गेलो. फाटक आतून नुसतं लोटलेलं होतं. टँकवरून कुणाचा तरी हसण्याचा आवाज आला, मग पाण्याचा.

बिरूआप्पा पाण्यात होते. कमरेएवढ्या पाण्यात, धोतर फुगलेलं, पटका बाजूला काढून ठेवलेला. दोन्ही हातांनी ते एक प्लॅस्टिकची खुर्ची तिसऱ्या पायरीवर दाबून धरत होते आणि खुर्ची सारखी उसळून वर येत होती. काठावर लुगडं नेसलेली एक म्हातारी, पाय लांब करून बसलेली. गुडघे सुजलेले. ती हसत होती आणि म्हणत होती, "आवो, ऱ्हाऊ द्या. तुम्हीच बुडाल."

"दम धर सखू. बस म्हंजी वजनानं ऱ्हाती का बघू."

मला बघितल्यावर आप्पांची पकड ढिली झाली. खुर्ची सुटली आणि तरंगत खोल बाजूला निघाली. सखूबाईंनी पदर डोक्यावर ओढला. आप्पा भीत भीत, कठडा धरून एकेक पायरी वर आले आणि माझ्यासमोर निथळत उभे राहिले.

"सायेब, आंघुळ घालून आणलीया तिला," ते म्हणाले. "शावरखाली. डोक्याला त्याल न्हाई. लुगडं धुतल्यालं हाय."

हा माणूस माझेच बोर्ड मला म्हणून दाखवत होता.

मग त्यांनी थोडक्यात सांगितलं. लग्न झाल्यापासून दर साली दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरायचं आणि पावसाच्या तोंडाला परतायचं. आप्पा मेंढरांपुढे, सखूबाई बिऱ्हाड लादलेल्या घोड्यामागे. तेवढं चालून तिच्या गुडघ्यांत काही उरलं नाही. जमिनीवर बसवत नाही, उठवत नाही. पण इथे पायरीवर खुर्ची टाकून कमरेएवढ्या पाण्यात बसली की तासभर ठणका थांबतो. "ती म्हंती, पाण्यात पाय माजं न्हाईतच असं वाटतं," आप्पा म्हणाले. "लोखंडी खुर्ची बसायची घट्ट. ही तरंगती."

मी म्हणालो, "आप्पा, मला सांगायचं होतं."

"कसं सांगणार? बोर्ड हाय की. पोशाख पायजे. ती काय लुगडं सोडंल व्हय?"

मी सखूबाईंना म्हणालो, "मावशी, बसा तुम्ही. मी धरतो खुर्ची." त्यांनी मान हलवली. "नगं बाबा. चला हो घरी," एवढंच म्हणाल्या. आप्पांनी त्यांना काखेत हात घालून उठवलं. फाटकापर्यंत जायला त्यांना किती वेळ लागला ते मी उभा राहून बघितलं.

मला स्वतःची इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती. आयुष्यभर खरं बोललेला माणूस आठवड्यातल्या एका तासासाठी एकच खोटं निदान देत होता, आणि ते मी चारचौघांत उघडं पाडलं.

दुसऱ्या दिवशी मी तो बोर्ड काढला. दौंडला जाऊन एक लोखंडी खुर्ची आणली, चांगली वजनदार, हातांची. आप्पांना दाखवली. त्यांनी ती हलवून पाहिली, म्हणाले, "चांगली हाय." मग ब्रश उचलून खोल बाजूला गेले. जाता जाता म्हणाले, "आता येत न्हाई म्हंती वो ती. लई समजावलं. परक्या मानसानं पाय बघितलं, म्हंती."

तरीही रविवारी संध्याकाळी सगळे गेले की मी स्वतः ती खुर्ची तिसऱ्या पायरीवर नेऊन ठेवतो, आणि सोमवारी केंद्राकडे फिरकत नाही. मंगळवारी काढून घेतो. चार डाग पुन्हा उठलेत. आप्पा बाकीचा टँक तारेच्या ब्रशने खसाखसा घासतात, तिथे मात्र हात हलका ठेवतात.

ऐन थंडीत एकदा मालकांनी फोनवर विचारलं, "त्या पायरीवर पुन्हा कसले डाग आलेत?"

"काळं शेवाळ आहे," मी म्हणालो. "मूळ धरलंय. वेळ लागेल."

आप्पा जवळच मोजे वाळत घालत होते. त्यांनी ऐकलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही. मोजा पिळत म्हणाले, "थंडी सरली की परत इचारतो तिला."

मी बरं म्हणालो. थंडी सरून आता महिना होत आला. दर मंगळवारी खुर्ची उचलताना मी आधी तिची पाण्याबाहेर राहिलेली पाठ चाचपून बघतो. ती कोरडीच असते.