वापरण्यापूर्वी बाटली हलवा

चूक स्पर्धेच्या समितीची आहे. शंभरदा सांगू, समितीचीच आहे. "चाल सोमवारी द्या, शब्द शुक्रवारी आणले तरी चालतील," हा नियम ज्या शहाण्याने काढला, त्याने जन्मात एक ओळ लिहिलेली नसणार.

कंपाउंडरच्या बायकोचं तीस वर्षं एकच म्हणणं होतं. "जगावर कविता करता, माझ्यावर चार ओळी नाहीत!" शेवटी गाण्याच्या स्पर्धेचं निमित्त साधून त्याने सोळा लिहिल्या. त्या पुऱ्या होईतो शुक्रवार उजाडला. चाल मात्र त्याच्या पेटीवाल्या मित्राने सोमवारीच, दवाखान्याच्या काउंटरवर बसून बांधली होती. त्याची रीतच तशी. शब्द हाताशी नसले की समोर जे छापील दिसेल ते सुरांखाली लिहून ठेवायचं, शब्द आले की खोडायचं. त्या दिवशी समोर खोकल्याच्या औषधाची बाटली होती.

समितीने शुक्रवारची कविता फायलीला लावली आणि सोमवारचा कागद गायकांना वाटला.

सभागृह गच्च भरलेलं. बायको ठेवणीतले कपडे घालून पहिल्या रांगेत. चाळीस गळ्यांनी संथ, कातर सूर लावला, "वापरण्यापूर्वी... बाटली हलवा..."

कंपाउंडर शेजारच्या पेटीवाल्याकडे वळला. "अरे, हे काय गातायत?"

"लेबल," पेटीवाला पांढराफटक पडून पुटपुटला.

"मग थांबव की!"

"कसं थांबवू? अंतरा यायचाय अजून."

अंतरा आला. "थंड, अंधाऱ्या जागी ठेवा" ही ओळ बायकांनी पार वरच्या षड्जाला नेऊन सोडली. मग "मुलांच्या हाती लागू देऊ नका", तीनदा, दर खेपेला हळू. एक माणूस हसेल तर शपथ! उलट कुणाचा तरी हुंदका ऐकू आला. कंपाउंडरने भीतभीत पाहिलं. बायको ढसाढसा रडत होती.

"मेलो," तो म्हणाला.

निकाल लागताच तिने येऊन त्याचा हात धरला. "थंड, अंधाऱ्या जागी... तशीच राहिले हो मी. पण आपली भांडणं मुलांच्या हाती लागू दिली नाहीत. तुम्हाला सगळं कळत होतं? मला वाटायचं, दगड आहात."

कंपाउंडरने तोंड उघडलं. पेटीवाल्याने त्याच्या पायावर पाय दिला.

"आणखी लिहिलंय का हो काही माझ्यावर?"

त्या सोळा ओळींची नक्कल खिशात होती. तिच्यात चंद्र दोनदा होता, चांदणं तीनदा. बायको कुठेच नव्हती.

समितीवाले, आता फायलीआड तोंड लपवू नका. पहिलं बक्षीसही तुम्हीच दिलंत. ती उत्तराची वाट बघत उभी आहे. त्याने काय सांगायचं? बोला!