कंपनीची मिशी

त्या वर्षी धुळवडीच्या दिवशी आमच्या अंधेरीच्या चाळीत एकच माणूस तोंडाला टॉवेल गुंडाळून दाराआड बसला होता. तो रंगाला भीत नव्हता. मिशीला रंग लागेल याला भीत होता. "मिशी माझी नाय रे, कंपनीची आहे. मी फक्त सांभाळतोय," हे भाई आरोलकरचं ठरलेलं वाक्य.

भाई सिनेनट होता. म्हणजे तो तसं म्हणायचा. एका सिनेकंपनीच्या ऐतिहासिक चित्रपटात त्याला किल्लेदाराचं काम मिळालं होतं आणि बोलायला एक वाक्य: "दरवाजे बंद करा, गनीम आला!" शूटिंगच्या दिवशी भाईने बुरुजावरून खाली पाहिलं, तोंड उघडलं, आणि तेवढ्यात निर्मात्याचं नायिकेशी बिनसलं. चित्रपट रखडला. तोंड उघडताना जी मिशी होती तीच वाक्य बोलताना हवी, म्हणून भाई चौदा महिने ती मिशी तुपाचं बोट लावून जपत होता. चहा प्यायचा तोही चमच्याने मिशी उचलून. आमटी वर्ज्य. सख्ख्या मेव्हण्याच्या लग्नाला वेंगुर्ल्याला गेला नाही, कारण बोटीवरच्या वाऱ्याने पीळ सुटतो!

आणि वर हाच आम्हाला शिकवायचा, "नटाने नटपण स्टुडिओच्या फाटकाशी ठेवून घरी यावं. घर वेगळं, धंदा वेगळा." हे ऐकलं की आत सुमनवहिनी भांडी आपटायच्या. दीड वर्षाच्या बेबीला, पोटच्या पोरीला, हा कडेवर घेत नसे. का, तर ती मिशी ओढते! बेबी हात पसरून यायची आणि हा शूर किल्लेदार दोन्ही हातांनी ओठ झाकून मागे सरायचा. "भावजी, मी लग्न माणसाशी केलं होतं, मिशीशी नाही," वहिनी मला म्हणाल्या होत्या. असल्या माणसाला माणूस तरी का म्हणावं, असं मला वाटायचं. मी ते चारचौघांत बोलूनही दाखवायचो.

त्याचं वाक्य ऐकून घेणारे एकटे माझे चुलते, तात्या. त्यांना मूलबाळ नव्हतं, म्हणून आमच्याकडेच असायचे. रोज सकाळी भाई गॅलरीच्या कठड्याशी उभा राहून ओरडायचा आणि तात्या खाटेवरून सांगायचे, "गनीम अजून लांब वाटतोय रे. जरा जवळ आण." मला दोघांचीही कीव यायची.

अखेर निरोप आला. चित्रपट पुन्हा सुरू, सोमवारी शूटिंग. भाईने चाळभर सांगितलं. आणि शनिवारी सकाळी तात्या गेले.

स्मशानात भटजींनी न्हाव्याला पुढे बोलावलं. अग्नी देणाऱ्याने डोकं आणि मिशी उतरवायची. पुतण्या मी. पण सोमवारी ऑफिसात माझी बढतीची मुलाखत होती. साहेबासमोर टोपी काढावी लागते, तिथे तुळतुळीत डोकं घेऊन कसं जायचं?

"शास्त्रापुरते चार केस कापले तर नाही का चालणार?" मी हळूच विचारलं.

भटजी काही बोलायच्या आत भाई न्हाव्यासमोर जाऊन बसला.

"अरे भाई, सोमवारी तुझं शूटिंग..."

"माजां एक वाक्य तात्यांनी चवदा म्हयने आयकल्यानी," तो म्हणाला. मग न्हाव्याकडे वळला. "मिशीपासून सुरुवात कर."

सोमवारी तो स्टुडिओत गेला. तिथे त्याला बिनमिशीचा पाहून त्याचा अंगरखा दुसऱ्याच कुणाला चढवला, त्या माणसाच्या ओठावर डिंकाने एक मिशी चिकटवली, आणि पाच मिनिटांत किल्ल्याचे दरवाजे बंद झाले. मला हे वहिनींनी नंतर सांगितलं.

संध्याकाळी मी मुलाखतीहून परतलो तेव्हा भाई बेबीला कडेवर घेऊन गॅलरीत उभा होता. ती त्याच्या ओठावर बोटं फिरवून मिशी शोधत होती.

"कंपनीची होती गो बाय," तो तिला सांगत होता. "दिली परत."

मग मला पाहून म्हणाला, "काय रे, मुलाखत झकास झाली ना?"

झकासच झाली होती. टोपीखाली भांगही जागच्या जागी होता. आयुष्यात पहिल्यांदाच मला माझ्या डोक्यावरच्या केसांची लाज वाटली. मी घरात शिरलो, पण तात्यांच्या रिकाम्या खाटेसमोर टोपी काढायचा धीर झाला नाही.