नाव न घेण्याचा नियम

प्रतिस्पर्धी समोर नसेल तर माणसाला स्वतःचे तत्त्वही नीटसे आठवत नाही, हे सार्वजनिक जीवनातील एक गंभीर सत्य आहे. वारज्याच्या मुक्त सॉफ्टवेअर प्रसारक मंडळाला ते फार लवकर उमगले. ज्याची आतली रचना कुणीही उघडून पाहावी, बदलावी आणि शेजाऱ्यालाही द्यावी, अशा सॉफ्टवेअरचा प्रसार हा मंडळाचा उद्देश. गेल्या वर्षी मंडळाने दिलेल्या बावीस व्याख्यानांतला एक्क्याऐंशी टक्के वेळ कुलूपबंद सॉफ्टवेअर विकणाऱ्या बड्या कंपनीच्या निंदेत, अकरा टक्के प्रोजेक्टर जोडण्यात आणि उर्वरित चहापानात गेला. (स्वतःच्या सॉफ्टवेअरची माहिती चहापानात धरली आहे.)

बाविसाव्या व्याख्यानात अध्यक्ष अनिरुद्ध यांनी श्रोत्यांना ‘गुलाम’ म्हटले. त्यांतल्या एका गुलामाने प्रोजेक्टर घरून आणला होता. तो प्रोजेक्टर घेऊन निघून गेला. त्यानंतर मंडळाने ‘प्रतिस्पर्धीविषयक वाणी-नियमावली’ एकमताने संमत केली. प्रतिस्पर्ध्याचे नाव घ्यायचे नाही, कारण ती फुकटची जाहिरात. उल्लेख आदरार्थी करायचा. एका टीकेपूर्वी दोन गुण सांगायचे. भुवई उंचावणे ही अर्धी टीका समजली जाईल, उसासा पूर्ण. (खोकल्याचा निर्णय पुढील सभेवर सोपवण्यात आला.) देखरेखीसाठी नम्रता यांची वाणी-निरीक्षक म्हणून नेमणूक झाली. वही त्यांनी स्वतःची आणली.

पहिला प्रयोग मंडळाचा कार्यकर्ता सुदर्शन याच्या वाट्याला आला. तो मुळातच कमी बोलतो, म्हणजे कमी चुकेल, असे सभेचे मत पडले.

विश्रांतवाडीतील एका वाचनालयात स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी आठ जुने संगणक होते. सहा रविवार खपून सुदर्शनने त्यांत मुक्त सॉफ्टवेअर घातले होते. आठही सुरू झाले, तेव्हा दुपारच्या झोपेतून घरातली माणसे एकामागून एक जागी व्हावीत, तसा त्यांच्या पंख्यांचा मंद आवाज खोलीभर पसरला. चार माणसांत कुठे उभे राहावे हे ज्याला कधी कळले नव्हते, त्या सुदर्शनला त्या खोलीत थोडा वेळ उभे राहावेसे वाटले.

आता एक विक्रेता ते आठ भंगारात घेऊन तीन नवे संगणक, कंपनीच्या सॉफ्टवेअरसह, द्यायला तयार होता. निर्णय वाचनालयाच्या कार्याध्यक्षा यमुनाबाईंच्या हाती होता. तहसील कचेरीतून निवृत्त झालेल्या यमुनाबाईंनी सुदर्शनला दहा मिनिटे दिली आणि मनगटावरचे घड्याळ काढून टेबलावर ठेवले.

सुदर्शनजवळ खरा मुद्दा एकच होता. कंपनीचे नवे सॉफ्टवेअर जुन्या यंत्रांवर चालत नाही, आपले चालते. म्हणजे एका वेळी आठ मुले बसतील, नाही तर तीन. तो मुद्दा त्याने शेवटासाठी राखून ठेवला. (लाजाळू माणसांच्या बऱ्याच गोष्टी अशाच सांगायच्या राहतात.)

“त्यांची अक्षरं पडद्यावर फार सुबक दिसतात,” तो म्हणाला. “त्यांची हेल्पलाइन चोवीस तास सुरू असते. मात्र आत काय चाललंय, ते आपल्याला पाहू देत नाहीत.”

कोपऱ्यात बसलेल्या नम्रताने समाधानाने वहीत खूण केली.

“ते सगळीकडे मिळतात. सगळ्यांना त्यांची सवय असते. मात्र ते थोड्या थोड्या वर्षांनी नवं घ्यायला लावतात.”

“ते म्हणजे कोण?” यमुनाबाईंनी विचारले.

“ते... पलीकडचे.”

“नाव नाही का त्यांना?”

“आहे. आम्ही घेत नाही.”

यमुनाबाईंनी चष्मा काढला. “अहो, मीसुद्धा चाळीस वर्षं आमच्या ह्यांचं नाव घेतलं नाही. लग्नात उखाण्यात घेतलं, तेवढंच. आणि तक्रार करायची तर आधी दोन गुण सांगायचे, हे सासूबाईंनी शिकवलं होतं. तुमचं त्यांच्याशी इतकं जुळलेलं असताना मी कशाला मध्ये येऊ?”

“तसं नाही, बाई. एक मुद्दा राहिलाय...”

“आधी दोन गुण,” नम्रता हळूच म्हणाली.

सुदर्शनने आठवून पाहिले. चांगले चार गुण आधीच खर्च झाले होते.

“त्यांचं... पॅकिंग छान असतं,” तो म्हणाला, आणि दुसरा गुण शोधू लागला.

“वेळ संपली.” यमुनाबाईंनी घड्याळ मनगटावर चढवले. “विरोधकांनाही ज्यांच्यात इतके गुण दिसतात, त्यांना घ्यायला माझी हरकत नाही. छान बोललात हो. हल्ली इतकं सभ्य कुणी बोलत नाही.”

सोमवारी आठ संगणक टेम्पोत चढले. खोलीत तीन नवे आले आणि दाराशी मुलांसाठी नंबर लावायची वही आली. सुदर्शन फाटकाशी उभा होता. टेम्पो वळणाआड गेला, तेव्हा त्याने एक दीर्घ श्वास सोडला. नम्रताने वही उघडली, त्याच्याकडे क्षणभर पाहिले आणि लिहिले: ‘खोकला.’

मंडळाच्या अहवालात या प्रयोगाची नोंद ‘पूर्णतः यशस्वी, नियमभंग शून्य’ अशी आहे.

नियमावलीस अनुसरून वरील हकिकतीतही कंपनीचे नाव कुठे घेतलेले नाही. त्यामुळे आपली काही गैरसोय झाल्याचे दिसत नाही. पहिल्याच परिच्छेदात आपण ते मनातल्या मनात घेऊन मोकळे झालात. त्या आठ संगणकांत सुदर्शनने सहा रविवार खपून जे घातले होते, त्याचेही नाव इथे आलेले नाही.

ते आपण विचारलेही नाही.