अध्यक्षांची डावी बाजू

नाण्यावर माड नको, असं राजाराम तावडे बोलून गेले आणि तिथून सगळी वाट लागली.

नाणं होतं बोरिवलीच्या 'आंबेखोल ग्रामस्थ मंडळा'चं. शहाऐंशी साली मंडळाला पंचवीस वर्षं होत होती. सभासदांना दरवर्षीसारखा स्टीलचा डबा न देता यंदा चांदीचं पाणी दिलेलं, जपून ठेवण्यासारखं नाणं द्यायचं ठरलं. एका बाजूला गावच्या रवळनाथाचं देऊळ. दुसऱ्या बाजूसाठी चिटणीस धाकू घाडी माड सुचवत होता.

"माड काय, गोव्याच्या माणसालाही चालेल," अध्यक्ष राजाराम म्हणाले. "आपलं असं काहीतरी हवं."

"मग तुमचाच चेहरा टाकूया," धाकू म्हणाला. (हे आपण चेष्टेने बोललो होतो, असं पुढे त्याने रवळनाथाची शपथ घेऊन सांगितलं.)

राजाराम दोनदा "छे छे" म्हणाले आणि दुसऱ्याच दिवशी स्टुडिओत जाऊन फोटो काढून आले. डाव्या बाजूने. नाण्यावरची माणसं समोर बघत नाहीत, एवढं त्यांना ठाऊक होतं. फोटोचं पाकीट धाकूने परस्पर नाण्यांचे साचे बनवणाऱ्या अंधेरीच्या डायवाल्याकडे पोचवलं.

पंधरा दिवसांनी नाण्यांचं खोकं घरी आलं. राजारामांनी एक नाणं उचललं, खिडकीशी नेलं आणि म्हणाले, "हा कोण?"

नाक नाण्याच्या काठापर्यंत पोचलं होतं. हनुवटीखाली दुसरी हनुवटी, तिच्याखाली तिसरीची तयारी. कान असा, की त्यावर चहाची बशी ठेवावी.

त्यांच्या पत्नी वनमालाबाई पोळपाट तसाच टाकून आल्या. नाणं बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अय्या, डिट्टो तुम्हीच!"

"काय डिट्टो? ही हनुवटी माझी?"

"मग काय माझी? अहो, सत्तावीस वर्षं तुमच्या बाजूला बसून जेवतेय मी. मला रोज हेच दिसतं."

राजाराम तिरीमिरीत उठले. दाढीचा आरसा एका हातात धरून कपाटाच्या आरशासमोर उभे राहिले आणि अर्धा तास मान वळवून वळवून पाहत राहिले. चोपन्न वर्षांत त्यांनी स्वतःला कधी बाजूने पाहिलंच नव्हतं. आताही नुसता कान दिसला. तो मात्र नाण्यावरच्यासारखाच होता, पण हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते अंधेरीला डायवाल्या चंद्रप्रकाशच्या गाळ्यात धडकले.

"ही बदनामी आहे! माणसाची इज्जत आहे की नाही? हे नाक बघा!"

चंद्रप्रकाशने शांतपणे नाणं बघितलं, फोटो बघितला आणि मग राजारामांच्या डाव्या बाजूला येऊन उभा राहिला.

"साहेब, उलट नाक मी कमी केलंय. ओरिजिनल ठेवलं असतं तर पलीकडून देवळाचा कळस चेपला असता."

"मला ते काही सांगू नका. चेहरा रुबाबदार पाहिजे. अध्यक्ष वाटला पाहिजे!"

"म्हणजे कुणासारखा पण चालेल?"

"हो! नाही... माझ्यासारखाच. पण नीट!"

पहिली नाणी वितळवली, दुसरी पाडली. जादा खर्च राजारामांनी बोनसमधून केला. (वनमालाबाईंचा मिक्सर त्यात गेला. त्यावर त्या जे बोलल्या, ते इथे छापता येणार नाही.) पण नवं नाणं काय झकास होतं! धारदार नाक, एकच हनुवटी, डोक्यावर दाट केस. राजाराम ते झोपतानाही उशीखाली ठेवू लागले.

समारंभाच्या दिवशी शाळेचा हॉल भरला होता. राजाराम स्टेजवर मुद्दाम डावी बाजू लोकांकडे करून बसले. नाणी वाटली. लोक उलटसुलट करून बघू लागले. पहिल्या रांगेतल्या रुक्मिणीकाकूंनी चष्मा पुसला, नाणं डोळ्यांशी नेलं आणि ओरडल्या, "अगो बाय, हो तर आपलो दशरथ!"

दशरथ परब म्हणजे आधीचे अध्यक्ष. नऊ वर्षांपूर्वी राजारामांनी त्यांना निवडणुकीत पाडलं होतं. तेव्हापासून दोघे एकमेकांच्या घरचा गणपतीसुद्धा बघायला जात नव्हते.

हॉलभर एकच गलका झाला. "दशरथच रे!" "नाक बघ ना!" "मानलं यार तावड्यांना! एवढं भांडण असून त्याचा चेहरा टाकला!" टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. राजाराम तोंड उघडून उभे राहिले, पण 'तो मी आहे' हे तीनशे लोकांपुढे म्हणायचं कसं? धाकूकडे बघितलं, तर तो रुमाल तोंडात कोंबून पडद्यामागे गेला होता.

मागच्या रांगेतून दशरथ परब डोळे पुसत स्टेजवर आले आणि त्यांनी राजारामांना मिठी मारली. अध्यक्षांसाठी आणलेला हार लोकांनी दशरथना घातला. मग दशरथ पाऊण तास बोलले. राजारामांच्या मोठ्या मनाबद्दल बोलले. ते ऐकताना राजारामांचा चेहरा संतापाने लालबुंद झाला, तर लोकांना वाटलं, गहिवरले.

भाषण संपल्यावर दशरथनी त्यांना बाजूला ओढलं आणि इकडेतिकडे बघत हळूच विचारलं, "राजाराम, तू केलंस ते लाखमोलाचं आहे रे. पण खरं सांग, मी असा दिसतो? हे नाक, ही हनुवटी... एवढा बावळट?"

राजारामांनी नाणं पुन्हा उजेडात धरून पाहिलं.

"तुझा दोष नाही," दशरथ त्यांच्या पाठीवर थोपटत म्हणाले. "मला फक्त त्या डायवाल्याचा पत्ता दे. त्याला मी सोडत नाही."